बा गावाले गेला

पहाटेचे तीन वाजत आलेले. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, कुठलंही गाव धरा. दिवाळी होऊन गेली आहे, हलका धान कापून झाला आहे आणि रिकाम्या बांधीत नाटकाचा मंडप पडला आहे. खाली तणस, अंगावर चादरी, मायांच्या मांडीवर झोपलेली लेकरं. रंगमंचावर एक बाई उभी आहे. तिच्या पदराला लोंबकळलेलं पोर विचारतं, "आई, बाबा कुठे गेले?" ऑर्गनवर एक सूर लांबत जातो. बाई डोळ्यांना पदर लावते. "गावाला गेलेत रे बाळा. येतील हं." मंडपात इकडेतिकडे नाकं ओढल्याचे आवाज येतात.

हे उत्तर मंडपातल्या बायांना नवीन नसतं. कुणी ते लहानपणी ऐकलेलं असतं, कुणी स्वतः दिलेलं असतं. फक्त त्यांच्या घरी ते अशा पुस्तकी मराठीत येत नाही. "माय, बा कोटी गेला?" "गावाले गेला." एवढंच. मागं ऑर्गन वाजत नाही. पोर खेळायला निघून जातं आणि माय रोवणीला.

या एका वाक्याची दोन रूपं आहेत, एक रंगमंचावरचं आणि एक घरातलं. त्यांच्यातलं अंतर गेल्या शंभर वर्षांत कसं वाढत गेलं, त्यात टीव्हीनं काय भर घातली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायांनी मधल्या काळात काय केलं, याची ही गोष्ट.

*

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगल, तलाव आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. त्यातला गडचिरोली तसा तरुण जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपुरातून वेगळा निघाला. इथली करमणूक पिकाच्या चालीनं चालते. धान घरात आला की मंडई भरते, शंकरपटात बैल धावतात, पाहुणे येतात, सोयरिकी जमतात आणि रात्री नाटक होतं. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या भागातल्या दंडार या लोकनाट्याचा कसून अभ्यास केला. नाटकाच्या आधीची ती वाट होती. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेत. मिशी काढलेला, लुगडं नेसलेला गडी नवऱ्याला शिव्या घाली आणि गाव हसून लोळे.

नाटक आलं ते पडदे, पेटी आणि छापील पुस्तकं घेऊन. गावातली पोरं तालमी करत, नटी बाहेरून बोलावली जाई. पुढे कंपन्या उभ्या राहिल्या आणि वडसा, म्हणजे देसाईगंज, त्यांची पेठ झाली. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन गडचिरोली जिल्ह्याला कित्येक दशकं रेल्वेचं एकमेव दार होतं. नागपूरच्या नट्या, वादक, पडदेवाले इथंच उतरत. हंगामात आजही वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडतात, भिंती पोस्टरांनी भरतात आणि गावोगावचे मंडळवाले तारखा धरायला येतात. याच मातीतले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका हा त्यांचा हिशेब आहे. इतकी सोंगं घेतलेल्या माणसानं किती घरांतले बाप आणि किती घरांतले चोर रंगवले असतील!

झाडीच्या नाटकात दोन भाषा नांदतात. नायक, नायिका, आई, सावकार हे प्रमाण मराठीत बोलतात, रडतात, शाप देतात. विनोदी जोडी आली की झाडीबोली सुरू होते. गाव रडतं शहरी भाषेत आणि हसतं स्वतःच्या. बाप नसलेल्या घराची गोष्ट यातल्या पहिल्या भाषेत सांगितली गेली, आणि घोळ तिथंच सुरू झाला.

*

ही रडण्याची भाषा कुठून आली? मराठी रंगभूमीवर घर मोडण्याचा साचा घडवला तो राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'नं. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी विदर्भातल्याच सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग केला. सुधाकर वकील, सुशिक्षित, तडफदार. एका प्याल्यापासून सुरुवात होते आणि पुढे घर, मूल, बायको सगळं जातं. सिंधू दळण दळते, उपाशी राहते, पण नवऱ्याविरुद्ध चकार शब्द काढत नाही. माहेरची माणसं तिला न्यायला येतात तरी ती जात नाही. बाप घरात आहे आणि नाहीही. बाळ त्याच्याच हातून मरतं, सिंधू मरते आणि सुधाकर विष घेतो.

नाटक दारूच्या विरोधात होतं. प्रेक्षकांच्या मनात मात्र ठसली ती सिंधू. बालगंधर्वांनी ती अशी उभी केली की ठिगळाच्या लुगड्यातलं सोसणं हेच बाईचं सौंदर्य ठरलं. पुढची पन्नास-साठ वर्षं मराठी सामाजिक नाटक आणि तमाशापट या साच्यातून बाहेर पडले नाहीत. नवरा वाईट, दारूडा, बाहेरख्याली, परागंदा, काहीही असो, बाईनं त्याची वाट पाहायची. झाडीत हा साचा आला आणि त्याला इथली एक गरज चिकटली. नाटक रात्री दहाला उघडतं आणि पहाटे संपतं. माणसांना तांबडं फुटायच्या वेळी घरी धाडायचं तर काहीतरी घेऊन धाडायला हवं. म्हणून शेवटच्या अंकात बाप परत येतो. पश्चात्तापानं, बेड्यांत, मरणाच्या दारात किंवा वेड्याच्या रूपात, पण येतो. पोर "बाबा" म्हणून हाक मारतं, पडदा पडतो आणि पूर्वेला फटफटतं.

हा साचा ज्या घरातून निघाला ते घर पांढरपेशं होतं. त्या घरात १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा होऊनही विधवेचं लग्न हा गावाला हादरवणारा प्रसंग होता. बाईला दुसरी वाट नव्हती, म्हणून वाट पाहणं हा धर्म झाला. झाडीतल्या बहुसंख्य घरांची रीत वेगळी होती. चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, हा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात मोडत होता. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यात कुणबी आणि गोंडांमध्ये विधवेचा पुनर्विवाह रूढ असल्याची नोंद आहे. मराठी मुलखात याला पाट म्हणतात. नवरा मेला, पळाला, नांदवेना झाला तर पंचांसमोर सोडचिठ्ठी व्हायची आणि बाई पाट लावून दुसऱ्या घरी जायची. गोंड आणि माडिया वस्त्यांत तर बाईनं नवरा सोडणं हे पंचायतीत बसून, दंड ठरवून, जेवण घालून मिटायचं काम होतं.

हे सगळं गोडच होतं असं नाही. पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईचा मान नसे. पोरं अनेकदा बापाच्या कुळाची म्हणून मागं राहत आणि आजीच्या हाताखाली वाढत. तरीही रीतीला एक दार होतं, आणि ते बाईला आतूनही उघडता यायचं. रंगमंचावरच्या आईला ते दार दाखवलंच गेलं नाही. मंडपातली जी बाई सिंधूसाठी रडायची, तिच्या स्वतःच्या आजीनं कदाचित दोन घरं केली असतील, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नसेल. पण आजीच्या आयुष्यावर नाटक लिहिलं गेलं नाही. हळूहळू गावातल्या बायाही आपल्या आजीपेक्षा सिंधूकडं पाहून 'चांगली बाई' ठरवू लागल्या.

*

मग डबा आला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पण जंगलातल्या गावाला त्याचा उपयोग नव्हता. खरा बदल १९८४ चा. त्या वर्षी देशभर छोटे प्रक्षेपक भराभर उभे राहिले आणि ७ जुलैला 'हम लोग' सुरू झाली. गावात एकच संच, तोही ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खोलीत. वीज असेल तर विजेवर, नाहीतर बॅटरीवर. अँटेना फिरवायला एक पोरगा छपरावर.

मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली 'हम लोग' ही मेक्सिकोच्या धर्तीवरची मालिका होती. मनोरंजनातून कुटुंबनियोजन आणि बाईचा दर्जा शिकवायचा हा तिचा हेतू. त्यातला बाप बसेसर राम दारूडा, बोलघेवडा आणि बिनकामाचा. आई भागवंती सगळं सोसणारी. भागवंतीकडं पाहून 'असं राहू नये' हे प्रेक्षकांनी शिकावं, अशी योजना होती. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला तेव्हा उलटंच दिसलं. कित्येकांना, बायांनाही, भागवंतीच आदर्श वाटली होती. पासष्ट वर्षांनी सिंधू पुन्हा जिंकली. शिकवण लेखकाची आणि पुण्याई सोसणाऱ्याची, हा भारतीय गोष्टीचा जुना व्यवहार आहे.

अमेरिकेत बाप नसलेलं घर कसं दाखवायचं, या प्रश्नावर छोटा पडदा वेगळ्या रीतीनं अडला होता. तिथं घरगुती गोष्ट विनोदी मालिकेतून सांगतात. अर्धा तास, एक दिवाणखाना, मागून हशा. १९६८ च्या 'जुलिया'मध्ये एक काळी परिचारिका एकटीनं मुलगा वाढवते, पण तिचा नवरा व्हिएतनामच्या युद्धात मेलेला असतो. म्हणजे तो नसण्यात कुणाचा दोष नाही. १९७० मध्ये 'मेरी टायलर मूर शो'ची नायिका आधी घटस्फोटित ठरली होती. वाहिनीनं नाक मुरडलं, आणि ती मोडलेल्या प्रेमातून सावरणारी अविवाहित मुलगी झाली. घटस्फोट घेऊन दोन मुली वाढवणारी आई मुख्य भूमिकेत यायला १९७५ चं 'वन डे अ‍ॅट अ टाइम' उजाडावं लागलं. आणि १८ मे १९९२ रोजी मर्फी ब्राऊन या मालिकेतल्या अविवाहित पत्रकार बाईनं बाळाला जन्म दिला तेव्हा दुसऱ्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी भाषणात तिचं नाव घेतलं. बापाचं महत्त्व कमी केलं, असा आक्षेप होता. देशाचा उपराष्ट्राध्यक्ष एका काल्पनिक बाईशी भांडत होता! मालिकेनं शरद ऋतूत त्याला उत्तर दिलं आणि नोव्हेंबरात क्वेल यांचा पक्ष निवडणूक हरला. त्या भांडणाचा त्या पराभवाशी किती संबंध, हा वेगळा विषय. पण बाप नसलेलं घर हसत दाखवता येतं, ही गोष्ट लोकांना रडक्या गोष्टीपेक्षा जास्त झोंबते, हे तेव्हा दिसलं.

आपल्याकडं विनोदी मालिकांनी या वाटेवर पाऊलच टाकलं नाही. १९९५ ची 'हम पाँच' आठवा. अशोक सराफांचा आनंद माथुर, पाच मुली, दुसरी बायको आणि भिंतीवर पहिल्या बायकोचा फोटो. ती फोटोतून बोलते, टोमणे मारते, सल्ला देते. मेलेल्या आईवर घरभर हसता येतं. पण पळून गेलेल्या बापाचा फोटो भिंतीवर लावून त्याला बोलतं करावं, असं कुणाला सुचलं नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'सारखी लाडकी मराठी मालिका तर तीन पिढ्यांच्या भरल्या घराचीच. हशा पिकायला घर भरलेलं लागतं, अशी आपली समजूत. झाडीच्या रंगमंचावरही तेच. विनोदी जोडीतला नवरा कितीही बावळट, कितीही पिऊन आलेला असो, तो असतो. तो नसण्याची जबाबदारी प्रमाण मराठीत रडणाऱ्या आईवर.

*

मालिका आणि नाटक बापाची वाट पाहत होते, त्याच वर्षांत गडचिरोलीच्या बाया वाट पाहणं थांबवत होत्या.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात बायांनी ऐंशीच्या दशकातच दारूचा प्रश्न गावसभेत आणला. सर्व सहमतीनं निर्णय घेण्याची जी रीत पुढे मेंढ्याची ओळख झाली, तिच्या पायात हा बायांचा आग्रह होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था, गावोगावच्या संघटना आणि कार्यकर्ते यांनी जिल्हाभर दारूमुक्तीची चळवळ उभी केली आणि १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. त्या सभांमध्ये बाया जे सांगत ते 'एकच प्याला'च्या पाचव्या अंकापेक्षा वेगळं होतं. नवरा सुधारावा अशी प्रार्थना त्यात फारशी नव्हती. मजुरी कुठं गेली, धान कुणी विकला, मोहाच्या भट्टीला भांडी कुणी दिली, हा हिशेब होता. सिंधूनं ज्याला नशीब म्हटलं त्याला या बायांनी दुकान म्हटलं. आणि दुकान बंद करता येतं.

चंद्रपूरला जास्त वेळ लागला. तिथं कोळशाच्या खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी, वीज केंद्र. पगाराच्या दिवशी फुललेल्या भट्ट्या आणि परवान्याची दुकानं. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारच्या पुढाकारानं हजारो बाया चिमूरहून नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर पायी निघाल्या. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, पायांत स्लीपर, कडेवर लेकरू. १ एप्रिल २०१५ रोजी जिल्ह्यात दारूबंदी आली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळानं ती उठवली. बंदीनं काय साधलं, चोरट्या दारूनं काय बिघडवलं, हा वाद आजही प्रामाणिक माणसांत चालतो. इथं मुद्दा वेगळा आहे. घरातल्या बापाचं नसणं बायांनी घराबाहेर आणलं आणि सरकारपुढं ठेवलं. कुठल्याही मालिकेच्या आईनं तोवर हे केलेलं नव्हतं.

नवरा नसण्याची कारणंही इथं दारूवर संपत नाहीत. कुणी तेलंगणात मिरची तोडायला गेला आणि परतलाच नाही. कुणी मोह वेचायला पहाटे गेला आणि वाघानं नेला. दक्षिण गडचिरोलीत १९८० नंतरच्या नक्षली हिंसेत कुणी खबऱ्या म्हणून मारला गेला, कुणी पोलीस म्हणून, कुणी जंगलात बंदूक घेऊन गेला. अशा गावात 'बा गावाले गेला' हे लेकरापासून फक्त दुःखच लपवत नाही. कधी ते पोराचा जीवही सांभाळतं, कारण खरं कारण शाळेत, बाजारात, चौकीत बोलायचं नसतं.

नाटकानं याकडं पाठ फिरवली असं मात्र म्हणता येणार नाही. नवरगावच्या सदानंद बोरकर यांनी शेतकऱ्याच्या आत्महत्येवर 'आत्महत्या' हे नाटक मांडलं. झाडीत गाजलेल्या दुसऱ्या एका नाटकाचं नाव आहे, 'माझं कुंकू मीच पुसलं'. या नावातला 'मीच' मोलाचा आहे. सिंधूला तो उच्चारता आला नसता. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत ते नाव वाचत बाजाराला जाणाऱ्या बाईला, नाटक न पाहताही, अर्धं नाटक कळत असणार.

*

१९९९ हे या गोष्टीतलं गमतीचं वर्ष आहे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या, एक न्यायालयात आणि एक पडद्यावर.

हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६ चा. त्यात लेकराचा नैसर्गिक पालक बाप आणि 'त्याच्यानंतर' आई, असं लिहिलं होतं. 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावर, असा सरळ अर्थ बहुधा लावला जाई. लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर मुलाची पालक म्हणून सही केली, ती अडवली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की 'नंतर' म्हणजे 'अनुपस्थितीत'. बाप जिवंत असून लेकराकडं ढुंकून पाहत नसेल तर तोही अनुपस्थितच. कायद्यानं ओळखलं की माणूस घरात बसूनही गावाला गेलेला असू शकतो. भागवंतीला आणि सिंधूला हे केव्हाच ठाऊक होतं.

त्याच वर्षी अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि 'आभाळमाया' आली. सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी शिकवते, कमावते आणि बाहेर गुंतलेल्या नवऱ्याशी झगडते. पाठोपाठ २००२ मध्ये मृणाल कुलकर्णी यांची 'अवंतिका' नवऱ्यापासून वेगळी झाली. मराठी घरात संध्याकाळी बाई नवऱ्याला सोडू शकते, हे दिसलं. पुढे 'आई कुठे काय करते'ची अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घेऊन दुसरं लग्न करती झाली. २०२१ मध्ये 'माझी तुझी रेशीमगाठ' आली. नेहाला नवरा सोडून गेला आहे, ती नोकरी करून छोट्या परीला वाढवते आणि तिच्यावर एक उद्योगपती जीव टाकतो.

जंगलातल्या गावातही आता डिशच्या छत्र्या आहेत. भामरागड, एटापल्लीकडं वीज रुसली की मोबाइलवर. परी अहेरीतही लाडकी झाली. पण परीच्या घराकडं नीट पाहा. आई कार्यालयात जाते, शेजारी प्रेमळ काका-काकू मुलीला सांभाळतात, अडचण पैशांची आहे पण रेशनच्या रांगेची नाही. आणि ही सगळी मांडणी कशासाठी? बापाची रिकामी जागा एका चांगल्या पुरुषानं भरावी म्हणून. तो भरतो, लग्न होतं, आणि मग पहिला नवरा परत येतो. म्हणजे झाडीचा शेवटचा अंक! फक्त इथं पहाट होत नाही. गोष्ट पुढच्या सोमवारी चालू राहते. शंभर वर्षांत सिंधूची नेहा झाली, दळणाची जागा लॅपटॉपनं घेतली. गोष्टीच्या मधोमध बापाची खुर्ची मात्र तशीच मांडून ठेवलेली आहे. आधी त्यावर तो परत येऊन बसायचा, आता दुसरा बसतो. खुर्ची उचलून अंगणात टाकावी आणि त्या जागी धानाचं पोतं ठेवावं, हे अजून कुणी लिहिलेलं नाही.

आणि हे लिहायला झाडीत साहित्य कमी नाही. तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे चारला जंगलात जाणारी माय आणि घरी पुडके बांधणारी आजी. बचत गटाच्या बैठकीत अंगठ्याच्या जागी सही शिकलेली परित्यक्ता. संजय गांधी निराधार योजनेसाठी, म्हणजे १९८० पासून चालत आलेल्या अनुदानासाठी, 'नवऱ्यानं सोडलं' हे कागदावर सिद्ध करत फिरणारी बाई. न आलेल्या माणसाचा दाखला कुणी द्यायचा, हा प्रश्न विनोदी मालिकेला वर्षभर पुरेल. तो झाडीबोलीत लिहिला तर मंडप कोसळेल. इथल्या विनोदाला भाषा आहे, धार आहे, दंडारीपासूनची सवय आहे. लुगडं नेसलेल्या गड्यानं जे शंभर वर्षांपूर्वी नवऱ्याला सुनावलं, ते सुनावणारी बाई अजून रंगमंचाच्या मध्यभागी यायची आहे. ती अजून कडेला, हशाच्या प्रवेशात उभी आहे.

*

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात एक नियम लागू झाला. त्या दिवशी आणि पुढे जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव. मोर्चा नाही, निकाल नाही, मालिकेतला कुठला भाग नाही. नुसता रकान्यांचा क्रम बदलला.

ही लेकरं थोड्याच वर्षांत शाळेत जातील. सिंदेवाहीच्या किंवा कोरचीच्या एखाद्या शाळेत गुरुजी हजेरी घेताना पूर्ण नाव वाचतील. लेकराच्या नावापाठोपाठ मायचं नाव वर्गात मोठ्यानं उच्चारलं जाईल, आणि लेकरू "हजर" म्हणेल. दिवाळीनंतर तेच लेकरू मायच्या मांडीवर झोपून मंडईचं नाटक पाहील. तिसऱ्या अंकात रंगमंचावरचं पोर विचारेल, "आई, बाबा कुठे गेले?" ऑर्गन लांबेल. हे लेकरू झोपेत कूस बदलेल आणि मायला विचारेल, "नाटक सरलं का व?" माय चादर ओढून देईल आणि सांगेल, अजून नाही. अजून त्याचा बा यायचा आहे.